इंटरनेट चालते, पिंगही पोहोचतो, तरी संगणक डोमेनला का जोडला जात नाही?

कार्यालयात नवा संगणक येतो, त्याला केबल लावली जाते, इंटरनेट सुरू होते, प्रिंटरही सापडतो. मग डोमेनचे, म्हणजे कार्यालयातील संगणक आणि वापरकर्त्यांची खाती एकत्र सांभाळणाऱ्या गटाचे, नाव टंकून ‘ओके’ दाबल्यावर काही सेकंदांनी संदेश येतो की या डोमेनच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही. डोमेन कंट्रोलर म्हणजे ती खाती सांभाळणारा सर्व्हर, आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही त्यासाठीची विंडोजची प्रणाली. सर्व्हरला पिंग केला, म्हणजे तो जागेवर आहे का हे पाहणारी छोटी हाक दिली, तर उत्तर येते. सर्व्हरचा आयपी पत्ता टंकून सामायिक फोल्डर उघडले तर तेही उघडते. त्यामुळे केबल, स्विच आणि सर्व्हर ठीक आहेत आणि दोष नव्या संगणकातच आहे असे वाटू लागते. मग फायरवॉल बंद केली जाते, अँटिव्हायरस काढला जातो, आणि शेवटचा उपाय म्हणून विंडोज नव्याने टाकण्यात अर्धा दिवस जातो. एवढे करूनही संदेश तोच राहतो.

पतसंस्था, लेखापालांची कार्यालये, शाळा आणि लहान कारखाने अशा ठिकाणची नेटवर्क सांभाळताना ही तक्रार मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, आणि बहुतेक वेळा तिचे मूळ एकाच जागी सापडले आहे. संगणक डोमेनचे नाव ज्याला विचारतो आहे, त्याला ते नाव ठाऊकच नसते. म्हणून हा बिघाड हुडकताना पहिला प्रश्न ‘सर्व्हर चालू आहे का’ हा नसून ‘हा संगणक नाव कोणाला विचारतो आहे’ हा असला पाहिजे. या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढचे काम बहुधा दहा मिनिटांचे असते.

पुढील उदाहरणांत डोमेनचे नाव ‘ऑफिस.लोकल’, डोमेन कंट्रोलरचा पत्ता १९२.१६८.१०.५ आणि इंटरनेटच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ असे धरले आहे. आज्ञा वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन अक्षरांतच टंकाव्यात.

पिंग पोहोचणे हा पुरावा का नाही

विंडोज २००० पासून, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली तेव्हापासून, संगणक डोमेन कंट्रोलरचा शोध डीएनएसमधूनच, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतूनच, घेतो. मात्र तो ‘या नावाचा पत्ता काय’ एवढेच विचारत नाही. तो ‘या डोमेनसाठी डिरेक्टरीची सेवा कोणकोणते सर्व्हर देतात’ असे विचारतो, आणि या प्रश्नाचे उत्तर एसआरव्ही नावाच्या वेगळ्या प्रकारच्या नोंदीत असते. त्या नोंदीत प्राधान्यक्रम, भार, पोर्ट (सर्व्हरवरील त्या सेवेच्या दाराचा क्रमांक) आणि सर्व्हरचे पूर्ण नाव असे चार भाग असतात. नेहमीच्या मांडणीत प्राधान्यक्रम ०, भार १०० आणि पोर्ट ३८९ असा असतो. हे उत्तर मिळाल्यावर संगणक त्यातील सर्व्हरच्या नावाचा पत्ता विचारतो, त्या पत्त्यावर एक छोटी चौकशी पाठवतो, आणि तिचे उत्तर आले तरच डोमेन सापडले असे मानतो.

पिंग या साखळीतील एकाही कडीची परीक्षा घेत नाही. आयपी पत्त्याला पिंग केला तर नावाचा प्रश्नच येत नाही. सर्व्हरच्या छोट्या नावाला पिंग केला, तर ते नाव डीएनएसला ठाऊक नसतानाही सापडू शकते, कारण एकाच स्विचवरील संगणक नेटबायोसच्या किंवा एलएलएमएनआरच्या हाकेने एकमेकांना शोधून काढतात. ती हाक राउटरच्या पलीकडे जात नाही, आणि एकाच संस्थेच्या मुख्य कार्यालयात जे जमते ते शाखेत जमत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

होस्ट्स फाइलची गोष्टही अशीच आहे. सर्व्हरचे नाव आणि पत्ता त्या फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा उपाय अनेकजण करतात. त्याने पिंग लगेच चालू होतो आणि काम झाल्यासारखे वाटते. परंतु होस्ट्स फाइलमध्ये फक्त नाव आणि पत्ता यांची जोडी लिहिता येते, एसआरव्ही नोंद लिहिण्याची सोयच तिच्यात नाही. म्हणून डोमेनचा शोध पूर्वीसारखाच अपुरा राहतो. पुढे कधी सर्व्हरचा पत्ता बदलला, तर विसरलेली ती ओळ नवा बिघाड निर्माण करते. अशी ओळ सापडली तर ती आधी काढून टाकावी आणि मगच पुढची तपासणी करावी.

पडद्यावरचा तपशील आधी वाचावा

त्या संदेशाच्या चौकटीत ‘तपशील’ दाखवणारे एक बटण असते आणि ते दाबण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. त्याच्या आत विंडोजने कोणती नोंद विचारली, कोणाला विचारली आणि काय उत्तर आले हे तिन्ही लिहिलेले असते. या संगणकात कोणत्या डीएनएस सर्व्हरचे पत्ते भरलेले आहेत, त्यांची यादीही अनेकदा तिथेच मिळते.

त्रुटीचा क्रमांक ०एक्स००००२३२बी असेल, तर ज्याला विचारले त्याने ‘असे नावच अस्तित्वात नाही’ असे स्पष्ट उत्तर दिले आहे. म्हणजे उत्तर देणारा जागेवर आहे, पण तो बहुधा आपला नाही. क्रमांक ०एक्स०००००५बी४ असेल, तर विचारलेल्याकडून वेळेत उत्तरच आले नाही. इथे पत्ता चुकीचा आहे, सर्व्हर बंद आहे किंवा मध्ये काहीतरी अडवते आहे. क्रमांक ०एक्स००००२६७सी असेल, तर संगणकात एकही डीएनएस सर्व्हर भरलेला नाही. आणि क्रमांक ०एक्स००००२५१डी असेल, तर नाव आहे पण त्या नावाखाली हवी ती नोंद नाही. अशा वेळी सर्व्हरकडे नजर वळवावी लागते.

याशिवाय एक वेगळाच संदेश असतो. त्यात डोमेन कंट्रोलरचे नाव सापडल्याचे लिहिलेले असते, पण त्याच्याशी संपर्क झाला नाही असे पुढे म्हटलेले असते. हा संदेश आल्यास एसआरव्हीची पायरी पार पडली आहे, आणि अडचण सर्व्हरच्या पत्त्याच्या नोंदीत किंवा त्या पत्त्यापर्यंतच्या वाटेत आहे. या दोन संदेशांतला फरक लक्षात घेतला नाही, तर माणूस चुकीच्या टोकाला तास न् तास शोधत राहतो.

संगणक कोणाला विचारतो आहे

आता मूळ तपासणी करू. आज्ञा देण्याच्या खिडकीत ही आज्ञा द्यावी:

आयपीकॉन्फिग /ऑल

जो अडॅप्टर (नेटवर्क कार्ड) वापरात आहे त्याखालची ‘डीएनएस सर्व्हर्स’ ही ओळ पाहावी. तिथे १९२.१६८.१०.५ हा एकच पत्ता, किंवा दोन डोमेन कंट्रोलर असल्यास त्या दोघांचे पत्ते असले पाहिजेत. तिसरे काहीही असू नये. तिथे १९२.१६८.१०.१ दिसत असेल तर संगणक राउटरला विचारतो आहे. हा पत्ता आपल्याच मालिकेतला असल्यामुळे नजरेला खटकत नाही, आणि म्हणूनच तो फसवतो. राउटर स्वतः काही जाणत नाही. आलेला प्रश्न तो इंटरनेट पुरवठादाराच्या डीएनएसकडे पुढे पाठवतो, आणि ‘ऑफिस.लोकल’ नावाचे डोमेन आपल्या कार्यालयाच्या चार भिंतींबाहेर कोणालाच माहीत नसते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र याहून सूक्ष्म आहे. प्राधान्याच्या जागी १९२.१६८.१०.५ अचूक भरलेले असते आणि पर्यायी जागी ८.८.८.८ किंवा असाच एखादा सार्वजनिक डीएनएस भरलेला असतो. भरणाऱ्याचा हेतू चांगला असतो: कार्यालयातली नावे सर्व्हर सांगेल, बाहेरची नावे तो सार्वजनिक डीएनएस सांगेल, आणि सर्व्हर बंद पडला तरी इंटरनेट चालू राहील. परंतु विंडोज या दोन जागांचा असा अर्थ लावत नाही. ‘पहिल्याला ठाऊक नसेल तर दुसऱ्याला विचार’ असा नियमच नाही. पहिल्याकडून वेळेत उत्तर आले नाही, तरच दुसऱ्याला विचारले जाते. ‘असे नाव नाही’ हेही एक उत्तरच असते, आणि ते कोणाकडूनही एकदा मिळाले की शोध तिथेच संपतो.

याचा परिणाम असा होतो की सर्व्हर क्षणभर गुंतलेला असला, तो पुन्हा सुरू होत असला किंवा केबलमध्ये एखादा ठोका चुकला, तर प्रश्न सार्वजनिक डीएनएसकडे जातो, तो नकार देतो, आणि डोमेन ‘नाही’ ठरते. एवढेच नव्हे, तर पहिल्याने उत्तर दिले नाही हे लक्षात ठेवून संगणक पुढे काही काळ दुसऱ्यालाच आधी विचारू शकतो. ‘सकाळी जोडता येत नव्हता, दुपारी आपोआप जोडला गेला’, ‘कधी लॉगिनला पाच मिनिटे लागतात तर कधी लगेच होते’, ‘ग्रुप पॉलिसी (डोमेनचे सामायिक नियम) काही संगणकांवर लागते, काहींवर नाही’ अशा अनिश्चित तक्रारींच्या मुळाशी मला वारंवार हाच पर्यायी पत्ता सापडला आहे. जो बिघाड सतत असतो तो शोधता तरी येतो. पर्यायी पत्त्यामुळे होणारा बिघाड तपासायला बसलो की नेमका नाहीसा झालेला असतो, आणि म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहतो.

बाहेरची नावे शोधण्याचे काम सर्व्हरवरील डीएनएसच्या फॉरवर्डरकडे असते. सार्वजनिक किंवा पुरवठादाराचा पत्ता तिथे, आणि फक्त तिथेच, भरावा. मग कार्यालयातला प्रत्येक संगणक फक्त आपल्या सर्व्हरला विचारतो, आतल्या नावांचे उत्तर सर्व्हर स्वतः देतो आणि बाहेरच्या नावांचे उत्तर बाहेरून आणून देतो. सर्व्हर बंद पडला तर इंटरनेट थांबेल ही भीती खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करून त्याचा पत्ता पर्यायी जागी देणे हा आहे.

आयपीव्ही६ची बाजू

वरचे सगळे अचूक असूनही डोमेन सापडत नसेल, तर ‘डीएनएस सर्व्हर्स’ची ओळ पुन्हा एकदा नीट पाहावी. त्या यादीत सर्वांत वर ‘एफई८०’ने किंवा ‘२४’ने सुरू होणारा एखादा लांबलचक पत्ता दिसतो का? नवा फायबर जोड घेतल्यावर पुरवठादाराने बसवलेला राउटर अनेकदा आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी, लांब पत्त्यांची पद्धत, चालू ठेवूनच येतो, आणि आपल्या अस्तित्वाची घोषणा करताना तो आयपीव्ही६चा डीएनएस पत्ताही सर्व संगणकांना देऊन टाकतो. आपण आयपीव्ही४च्या चौकटीत सर्व्हरचा पत्ता हाताने भरलेला असला तरी ही दुसरी वाट उघडीच राहते, आणि विंडोज त्या वाटेने आधी विचारू शकते.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात माझा पूर्ण दिवस गेला होता. एका संस्थेत जुने संगणक चालू होते, नव्यांपैकी एकही जोडला जात नव्हता, आणि सगळ्यांच्या आयपीव्ही४च्या मांडणीत अक्षराचाही फरक नव्हता. आदल्या आठवड्यात राउटर बदलला होता ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी वाटली नव्हती. जुन्या संगणकांवर कोणीतरी पूर्वी आयपीव्ही६ बंद केलेले होते, म्हणून ते वाचले होते. त्या दिवसापासून कोणत्याही कार्यालयात गेल्यावर ‘अलीकडे काय बदलले’ हे मी तपासणीआधी विचारतो, आणि ‘काहीच नाही’ हे उत्तर आले तरी राउटरकडे स्वतः जाऊन पाहतो.

यावर प्रत्येक संगणकात आयपीव्ही६ बंद करत जाणे हा सोपा मार्ग वाटतो, पण तो चांगला नाही. मायक्रोसॉफ्ट आयपीव्ही६ बंद करण्याची शिफारस करत नाही, आणि पुढचा नवा संगणक आला की तेच काम पुन्हा करावे लागते. राउटरच्या आतल्या बाजूच्या मांडणीत जाऊन त्याने आयपीव्ही६चा डीएनएस पत्ता वाटणे बंद करावे, किंवा कार्यालयात आयपीव्ही६ खरोखर वापरायचे असल्यास तिथे आपल्या सर्व्हरचाच आयपीव्ही६ पत्ता द्यावा.

नोंद खरोखर मिळते का

कोणाला विचारले जाते हे ठरल्यावर उत्तर काय येते ते पाहावे. आज्ञा अशी:

एनएसलुकअप -टाइप=एसआरव्ही _एलडीएपी._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.ऑफिस.लोकल.

शेवटचा पूर्णविराम मुद्दाम दिला आहे. तो नसेल तर संगणक नावाच्या पुढे आपले प्रत्यय जोडून भलतेच नाव विचारू शकतो. उत्तराच्या पहिल्या दोन ओळींत कोणत्या सर्व्हरने उत्तर दिले ते लिहिलेले असते. तिथे सर्व्हरच्या नावाऐवजी ‘अननोन’ असा शब्द दिसला, तर घाबरू नये. पत्त्यावरून नाव शोधण्याचा उलटा झोन, म्हणजे नोंदींचा संच, तयार केलेला नाही एवढाच त्याचा अर्थ असतो आणि डोमेनला जोडण्याशी त्याचा संबंध नसतो. पुढे पोर्ट ३८९ आणि डोमेन कंट्रोलरचे पूर्ण नाव दिसले की ही पायरी झाली.

उत्तर आले नाही, तर तोच प्रश्न शेवटी १९२.१६८.१०.५ जोडून थेट सर्व्हरला विचारावा. थेट विचारल्यावर उत्तर मिळते आणि एरवी मिळत नाही, असे झाले तर दोष नक्की संगणकाच्या मांडणीत आहे. थेट विचारूनही मिळत नसेल, तर दोष सर्व्हरकडे किंवा तिथपर्यंतच्या वाटेत आहे. हा एक प्रयोग सगळ्या शोधाचे दोन भाग करतो, म्हणून तो वगळू नये. एनएसलुकअप होस्ट्स फाइल आणि संगणकाचा स्वतःचा साठा यांना वळसा घालून थेट सर्व्हरला विचारते हेही ध्यानात ठेवावे. ती बरोबर उत्तर देते आणि तरीही संगणक चुकतो, असे असल्यास ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ने साठा रिकामा करावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

आणखी एक फसवी परिस्थिती सांगणे आवश्यक आहे. काही कार्यालयांनी डोमेनला आपल्या संकेतस्थळाचेच नाव दिलेले असते. तिथे चुकीच्या डीएनएसला विचारले तरी नकार येत नाही, उलट संकेतस्थळाचा पत्ता येतो. नाव सापडते आणि बहुधा पिंगचेही उत्तर येते, पण ते उत्तर दुसऱ्या शहरातल्या होस्टिंगच्या यंत्राकडून आलेले असते. पिंगच्या उत्तरातला पत्ता आपल्या मालिकेतला आहे का, हे पाहण्याची सवय असेल तर ही चूक एका नजरेत पकडता येते.

‘.लोकल’ या प्रत्ययाबद्दलही थोडे सांगतो. २०१३ साली हा प्रत्यय यंत्रांनी एकाच जाळ्यात परस्परांना हाक मारून शोधण्याच्या पद्धतीसाठी अधिकृतपणे राखून ठेवला गेला. विंडोजचे संगणक अशा डोमेनमध्ये चालतात, पण मॅक आणि काही लिनक्स प्रणाली ‘.लोकल’ने संपणारे नाव डीएनएसला न विचारता आधी त्या हाकेच्या पद्धतीने शोधू लागतात आणि अडतात. जुने डोमेन केवळ एवढ्यासाठी बदलू नये. नवे उभारत असाल तर आपल्या मालकीच्या नोंदणीकृत नावाखालचे उपनाव घ्यावे.

सर्व्हरकडे पाहण्याची वेळ आली तर

डोमेन कंट्रोलरवर डीएनएसचे व्यवस्थापन उघडून आपल्या डोमेनचा झोन पाहावा. त्यात ‘_एमएसडीसीएस’, ‘_साइट्स’, ‘_टीसीपी’ आणि ‘_यूडीपी’ अशी घरे दिसली पाहिजेत. ती रिकामी असतील किंवा नसतीलच, तर सर्व्हरने आपल्या नोंदी लिहिलेल्या नाहीत. या नोंदी लिहिण्याचे काम नेटलॉगॉन ही सेवा करते. ती थांबवून पुन्हा सुरू केली की ती नोंदी पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न करते, आणि त्यात अपयश आले तर सिस्टिमच्या नोंदवहीत ५७७४ क्रमांकाची घटना दिसते.

अपयश का येते? पहिले कारण असे की सर्व्हरच्या स्वतःच्या नेटवर्क मांडणीतही कोणीतरी पुरवठादाराचा डीएनएस भरलेला असतो. मग सर्व्हर आपल्या नोंदी पुरवठादाराकडे लिहायला जातो, आणि तिथे त्याला कोण दाद देणार? सर्व्हरच्या मांडणीत त्याचा स्वतःचा पत्ता आणि असल्यास दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचा पत्ता एवढेच असावे. दुसरे कारण असे की झोनमध्ये आपोआप बदल स्वीकारण्याची परवानगी बंद असते. ती ‘फक्त सुरक्षित’ या पर्यायावर ठेवावी.

नोंदी आहेत पण संगणक पोहोचत नाही, अशा वेळी सर्व्हरच्या नावापुढे किती पत्ते लिहिलेले आहेत ते मोजावे. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असतील, किंवा त्यावर आभासी यंत्रे चालवण्यासाठी एखादे आभासी अडॅप्टर तयार झालेले असेल, तर त्याचाही पत्ता डीएनएसमध्ये नोंदला जातो. मग संगणकाला कधी खरा पत्ता मिळतो तर कधी असा पत्ता मिळतो की ज्याकडे जाणारी वाटच नाही. त्या जादा अडॅप्टरच्या प्रगत मांडणीत ‘हा पत्ता डीएनएसमध्ये नोंदवा’ ही खूण काढावी आणि चुकीची नोंद हाताने पुसावी. अनेक वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या जुन्या सर्व्हरचे नाव एसआरव्ही नोंदींत राहून गेले असेल, तर त्याचीही हीच गत होते. जुना सर्व्हर नुसता बंद करून उचलून नेला की डिरेक्टरीला तो गेल्याचे कळत नाही.

शाखा मुख्य कार्यालयाशी व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खाजगी जोडणीने) जोडलेली असेल, तर डीएनएससाठी पोर्ट ५३ माहिती पाठवण्याच्या यूडीपी आणि टीसीपी या दोन्ही प्रकारांत उघडे असावे. ३८९च्या बाबतीत बहुतेकजण टीसीपी उघडतात आणि यूडीपी विसरतात. वर ज्या छोट्या चौकशीचा उल्लेख केला ती यूडीपी ३८९ वरूनच जाते; म्हणून सर्व नोंदी बरोबर असताना आणि टीसीपीची चाचणी यशस्वी होत असतानाही डोमेन ‘सापडत नाही’. प्रत्यक्ष जोडणीसाठी याशिवाय कर्बेरॉसचे (ओळख पडताळण्याच्या पद्धतीचे) ८८, आरपीसीचे १३५, एसएमबीचे ४४५ आणि ४९१५२ ते ६५५३५ ही मालिकाही लागते.

नाव सापडले, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्डही विचारला गेला, आणि मग त्रुटी आली, तर डीएनएसच्या मागे लागू नये. घड्याळ पाहावे, कारण कर्बेरॉस सर्वसाधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही. विंडोजची आवृत्ती होम तर नाही ना तेही पाहावे. ती डोमेनला जोडता येत नाही. जुन्याच नावाने नवा संगणक जोडताना ०एक्सएएसी ही त्रुटी आली, तर तो ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा बदलाचा परिणाम असतो, आणि जुने संगणक-खाते काढून टाकणे किंवा नवे नाव देणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. काय घडले याची ओळीओळीने नोंद विंडोजच्या ‘डिबग’ फोल्डरमधील ‘नेटसेटअप.लॉग’ या फाइलमध्ये मिळते.

तोच बिघाड परत का येतो

संगणकात हाताने डीएनएस भरला, तो जोडला गेला, आणि काम संपले असे आपण मानतो. पुढच्या महिन्यात दुसरा संगणक येतो आणि तोच संदेश दिसतो. याचे कारण असे की पत्ते वाटणारा डीएचसीपी अजूनही राउटरच आहे, आणि तो प्रत्येक नव्या यंत्राला स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून देतो आहे. उपाय तिथेच झाला पाहिजे. राउटरवरचा डीएचसीपी बंद करून तो सर्व्हरवर चालवावा, आणि त्यात ००६ क्रमांकाच्या पर्यायात १९२.१६८.१०.५ तर ०१५ क्रमांकाच्या पर्यायात ‘ऑफिस.लोकल’ भरावे. सर्व्हरवर ते शक्य नसेल तर निदान राउटरच्या डीएचसीपीमध्ये डीएनएसच्या जागी सर्व्हरचा पत्ता द्यावा. हा बदल करू न देणारा राउटर कार्यालयात पत्ते वाटण्याच्या कामी ठेवू नये.

बदल केल्यावर सर्व संगणकांना तो लगेच कळत नाही. विंडोज सर्व्हरवरील डीएचसीपी सामान्यतः ८ दिवसांच्या मुदतीने पत्ता देतो आणि संगणक अर्धी मुदत उलटल्यावर नूतनीकरण मागतो, म्हणून जुनी मांडणी चार दिवसही रेंगाळू शकते. ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ दिल्यास ती तत्काळ बदलते.

एकाच जाळ्यात दोन डीएचसीपी आहेत का हेही तपासावे. विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरला डोमेनमध्ये अधिकृत करावे लागते, पण राउटरवर किंवा कोणीतरी टेबलाखाली आणून लावलेल्या वायफायच्या डब्यावर तो नियम चालत नाही. तो ज्याला आधी उत्तर देईल त्याला आपली मांडणी देऊन टाकतो. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’मध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी एक ओळ असते. दोन संगणकांवर तिथे वेगवेगळे पत्ते दिसले, की तो डबा कार्यालयात कुठेतरी आहेच.

दुरुस्ती मुळाशी झाल्यावर एक काम उरते आणि ते बहुतेक ठिकाणी राहून जाते. आतापर्यंत ज्या ज्या संगणकांत हाताने डीएनएस भरला होता, त्या सर्वांत जाऊन ‘पत्ता आपोआप घ्या’ ही मांडणी परत करावी, विशेषतः लॅपटॉपमध्ये. ज्या लॅपटॉपमध्ये १९२.१६८.१०.५ कायमचा कोरलेला आहे, तो घरी नेल्यावर त्यात इंटरनेट चालत नाही. मग वैतागलेला कर्मचारी घरच्या घरी ८.८.८.८ भरतो, सोमवारी तो लॅपटॉप कार्यालयात येतो, आणि डोमेन पुन्हा सापडेनासे होते. मांडणी परत केल्यावर ‘एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:ऑफिस.लोकल /फोर्स’ ही आज्ञा द्यावी, आणि उत्तरात आपल्याच डोमेन कंट्रोलरचे नाव व पत्ता दिसल्यावरच तो संगणक यादीतून कमी करावा.